सिस्टरांना विचारा : अंगावरचं दूध आणि घरातली माणसं

या वेळी बाळंतपणाच्या पत्रांचा गठ्ठा जरा वेगळा निघाला. बाळंतिणींपेक्षा घरच्यांनीच जास्त लिहिलंय. आजी, नवरा, एक बचत गट. मला ते आवडलं. नोकरीत असताना वॉर्डात मी शिकवायची ती आईला. घरी गेल्यावर तिनं काय करायचं, ते ठरवायची बाकीची सगळी. त्या बाकीच्यांशी बोलायचं राहूनच जायचं.

प्रश्न : मी राजारामपुरीत माहेरी आले आहे. पहिलाच मुलगा, सिझेरियन. आज १९ दिवस झाले. जन्मला तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होता, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ७०० भरला. चौदाव्या दिवशी आशाताई वजन करून गेल्या, २ किलो ९५०. तरी संध्याकाळचे सहा वाजले की जो रडायला लागतो तो दहापर्यंत. अंगावर घेतलं की पाच मिनिटं पितो, सोडतो, परत रडतो. आई म्हणते दूध पुरत नाही. मावशी म्हणते पातळ आहे. आजी येईल त्या प्रत्येकाला सांगते, ‘पोरगं उपाशी हाय.’ पंधराव्या दिवसापासून रात्री पावडरीचं दूध बाटलीनं सुरू केलं. तेवढ्यानं झोपतो. पण आता दिवसाही तो अंगावर नीट धरत नाही, आणि माझी छाती पहिल्यासारखी दाटतही नाही. आजीचं म्हणणं, पावडरीपेक्षा गंगावेशीतून म्हशीचं दूध आणावं आणि निम्मं पाणी घालून द्यावं. मला खरंच दूध येत नाही का?
(एक बाळंतीण, राजारामपुरी)

उत्तर : पोरी, तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. चौथ्या दिवशी २७००, चौदाव्या दिवशी २९५०. दहा दिवसांत २५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २५. या वयात बाळ दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढलं की आम्ही समाधानी असतो. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, आणि दोन आठवड्यांच्या आसपास ते भरून निघतं. तुझ्या मुलानं चौदाव्या दिवशी जन्माचं वजन मागं टाकलं होतं, आणि पावडरीचा डबा घरात आला पंधराव्या दिवशी. मग हे वजन कुणाच्या दुधानं वाढलं? ते कार्ड काढ आणि आजीच्या हातात दे. चष्मा लावून बघू दे.

संध्याकाळचं रडणं भुकेचंच असतं असं नाही. पुष्कळ बाळं तिन्हीसांजेला रडतात. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला हे रडणं सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरतं. त्या वेळी बाळ सारखं अंगावर मागतं, जरा पितं, सोडतं, पुन्हा मागतं. घरच्यांना वाटतं दूध संपलं. पण बाळ जेवढं ओढेल त्या हिशेबानं दूध तयार होतं, आणि ते बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्रीच्या पाजण्यात जास्त स्रवतं. तुझ्याकडं नेमकं रात्रीचं पाजणंच बाटलीनं काढून घेतलं. छाती न दाटण्याचं एक कारण हे. दुसरं साधं आहे, दोन-तीन आठवड्यांनी छाती आपोआप मऊ पडते. दूध असतं, फुगवटा जातो. आणि मावशीला सांग, सुरुवातीला येणारं दूध पातळ दिसतंच, शेवटी शेवटी साय जास्त असलेलं येतं. म्हणून एक बाजू पूर्ण पिऊ दे, मग दुसरी दे.

पाच मिनिटांत सोडतो, याचं कारण बहुतेक पकडीत आहे. बाळाचं नुसतं तोंड तुझ्याकडं वळलेलं चालत नाही. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत हवी. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांब आणि मग त्याला छातीकडं आण. आपण वाकून त्याच्या तोंडात द्यायला जाऊ नकोस. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतोय, खालून कमी, अशी पकड बसली की दुखत नाही आणि गिळल्याचा आवाज येतो. टाक्यांवर भार येत असेल तर कुशीवर झोपून पाज, नाहीतर बाळाचं अंग काखेखालून मागं घे.

पावडर एकदम तोडू नकोस. आधी दोन्ही बाजूंना पाज, त्यानंतरही लागली तरच दे, आणि ती वाटी-चमच्यानं. बाटलीतून दूध आपोआप पडतं, अंगावर कष्ट करावे लागतात. बाळ हुशार असतं, सोपं ते धरतं. बाळाच्या डॉक्टरांना विचारून प्रमाण उतरवत जा आणि तीन-चार दिवसांनी वजन कर. परवा एकविसावा दिवस. आशाताईंची भेट ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेली असते, तेव्हा त्या येतील. त्यांना नुसतं वजन करून जाऊ देऊ नकोस, समोर बसवून पाजताना बघायला लाव. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील तर पोटात दूध जातंय. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, ओढेनासं झालं, अंग तापलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा तुलाच ताप येऊन छातीवर लाल गरम गाठ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

म्हशीचं दूध रेडकासाठी आहे. फार तर तालमीतल्या पोरांसाठी. गंगावेशीच्या कट्ट्यावर आपल्यासमोर धार काढून पेला हातात मिळतो, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्यातली प्रथिनं आणि क्षार तान्ह्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत. पाणी घातलं की ताकद निम्मी होते आणि पाण्याबरोबर जंतू आत जातात. न तापवलेलं असेल तर आणखी धोका.

आता हा भाग तुझ्या आईला वाचून दाखव. ताई, पान्हा फुटायला मन निवांत लागतं. भीती आणि दुखणं यांनी तो अडतो. तुमची लेक ‘पोरगं उपाशी हाय’ हे दिवसातून दहा वेळा ऐकतेय. सगळ्यात आधी ते वाक्य घरातून बंद करा. दुसरं, सहा ते दहा या वेळेत घराची घडी बदला. तिला साडेपाचला पोटभर जेवायला घाला. त्या वेळेत भेटायला येणाऱ्यांना सकाळी या म्हणून सांगा. पाजण्याच्या मधल्या वेळात बाळ आजीकडं द्या. रडणारं बाळ उघड्या छातीशी धरून फेऱ्या मारणं आईनंच करायला पाहिजे असं नाही. पाण्याचा तांब्या तिनं मागायच्या आधी हातात द्या.

प्रश्न : माझी सून शिकलेली आहे, स्वभावानं चांगली आहे. पण नातीला दोन महिने झाले तरी मला गुटी उगाळू देत नाही. मध चाटवला तर बोलली. एवढ्या उन्हात घोटभर पाणी देते म्हटलं तर डॉक्टरांचा कागद पुढं केला. आम्ही चार पोरं वाढवली ती अशीच. पहिले तीन दिवस तर चीक पिळून टाकायला लावायच्या आमच्या सासूबाई. सगळी धडधाकट आहेत. मग आजीनं करायचं काय, नुसतं बघत बसायचं?
(एक आजी, कसबा बावडा)

उत्तर : आक्का, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, म्हणून तो शेवटी घेते.

पाणी. आईच्या दुधात १०० भागांतले ८७-८८ भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं आणि तहान भागवून घेतं. तुम्ही घोटभर पाणी दिलं की एवढंसं पोट भरतं, तेवढं दूध कमी जातं, आणि वाटीतून, बोटांतून जुलाबाला वाट मिळते. उन्हात जास्त पाणी प्यायचं ते सुनेनं.

मध वर्षाच्या आत नकोच. त्यात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि अंग लुळं पडतं. क्वचित होतं, पण झालं तर बाळाला श्वास घेणं जड जातं.

गुटीवरून मी पुष्कळ आज्यांशी भांडले आहे. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड यांचे कुणी दोन वेढे देतं, कुणी चार. पोटात किती उतरलं याला माप नाही. सहाण ओलीच कोपऱ्यात उभी असते. वॉर्डात जुलाबाचं बाळ आलं की आमचा पहिला प्रश्न असायचा, ‘वरचं काय दिलं?’ आधी सगळे म्हणायचे काही नाही. मग हळूच गुटी निघायची. एक मात्र लक्षात ठेवा, डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, एखादं औषध, गरज पडली तर ओआरएस, हे ‘वरचं’ धरत नाहीत. ‘तुझं बरं चालतं बाटलीतलं’ असा टोमणा त्या थेंबांवरून सुनेला मारू नका.

चार पोरं धडधाकट निघाली याचा आनंदच आहे. पण त्याच काळात तुमच्या गल्लीत कुणाकुणाचं पोर हगवणीनं गेलं, तेही तुम्हाला आठवत असेल. आणि चिकाचं सांगू का? म्हैस व्याली की आपण तिच्या चिकाचा खरवस करून शेजारी वाटतो, कुणी टाकलेला मी बघितला नाही. बाईचा मात्र पिळून टाकायचा! तो चीक चमचाभरच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही एका वेळी तेवढंच घेतं. रोगाशी लढणारी द्रव्यं आणि अ जीवनसत्त्व त्यात खच्चून असतं.

आता आजीचं काम. रात्री अडीचला पाजून झालं की बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि सुनेला झोपू द्यायचं. मालिश आणि अंघोळ तुमच्या हातची. तिचं ताट वेळेवर, गरम. अळिवाचे, डिंकाचे लाडू जरूर करा. अंगात ताकद येईल, दूध वाढेल ते मात्र पाजण्यानंच. आणि सगळ्यांत अवघड काम, जे सुनेला जमणार नाही आणि मुलाला तर अजिबातच नाही. शेजारीण येऊन ‘पुरतं का गं दूध?’ असं विचारते तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. ‘आमच्यात सहा महिने अंगावरचंच देतात, पाणीसुद्धा नाही.’ हेच सून बोलली तर उर्मट ठरते. तुम्ही बोललात की तो घरचा रिवाज होतो. अशी आजी ज्या घरात होती त्या घरच्या बाळाची मला कधी काळजी वाटली नाही.

प्रश्न : बायको माहेरी गडहिंग्लजला आहे. मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत पाळीत काम करतो, सुट्टीला जातो. सासरी गेलो की बाहेरच्या खोलीत चहा मिळतो, बाळ पाच मिनिटं हातात देतात आणि परत नेतात. पाजणं काय माझ्या हातात नाही. पुढच्या आठवड्यात दोघांना कोल्हापूरला आणायचं आहे. मी मदत करायची तरी काय?
(एक बाप, गोकुळ शिरगाव)

उत्तर : भावा, चहा पिऊन झाला की कप उचलून सरळ आत जा. दोन सुट्ट्यांना विचित्र वाटेल, तिसऱ्याला सवय होईल.

फोनवर ‘वजन किती, दूध किती’ हे विचारणं बंद कर, ती परीक्षा तिथं रोज चाललेलीच असते. ‘झोप झाली का, जेवलीस का’ एवढं विचार. घरी आल्यावर लंगोट, ढेकर, कडेवर घेऊन फिरवणं, रात्री तिला पाणी देणं, सगळं तुला येतं किंवा येईल. मित्र हसतील. त्यांना सांग, जमतंय का बघा.

प्रवासाचं. निघायच्या आधी पोटभर पाजू द्या. वाटेत बाळानं मागितलं की एसटीतही पाजता येतं. तिला खिडकीची जागा दे, तू बाजूला बस, ओढणी धर, आणि कुणी मान वळवून बघत असेल तर त्याच्याकडं तू बघ. एसटी स्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतात. रात्री गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव आहे ते. कक्षाला कुलूप दिसलं तर किल्ली मागायला तू जायचंस. बाळंतिणीला खिडक्या-खिडक्यांवर फिरवायचं नाही.

प्रश्न : मी महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात कामाला आहे. आम्ही सहा जणी. मुलगी अडीच महिन्यांची झाली, मालक म्हणतात आता या, नाहीतर दुसरी बघतो. घर शुक्रवार पेठेत, चालत पंधरा मिनिटं. सासूबाई बाळ सांभाळतील. कामाची वेळ सकाळी दहा ते रात्री साडेआठ. आता पावडर सुरू करू का?
(एक आई, शुक्रवार पेठ)

उत्तर : घाई करू नका. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दुकानात असता तर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि पुढं बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या, हा तुमचा हक्क होता. सहा जणींच्या दुकानाला तो लागू नाही, म्हणून बोलूनच मार्ग काढावा लागेल. मालकांकडं दोन गोष्टी मागा. दुपारी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटं, आणि आतली एक खोली, जिथं साड्यांच्या गठ्ठ्यावर का होईना, बसता येईल. एकट्या जाऊ नका. बाकीच्या पाचजणींना आधी सांगा, म्हणजे तेवढा वेळ गिऱ्हाईक कोण सांभाळणार हा प्रश्न मालकांनी विचारायच्या आधीच सुटलेला असेल. पंधरा मिनिटांच्या अंतरावर सासूबाई बाळ घेऊन येऊ शकतात. निघताना पाजा, दुपारी पाजा, संध्याकाळी पाजा, घरी आल्यावर पाजा. रात्रीचं सोडू नका.

मधल्या वेळेसाठी दूध काढून ठेवायचं. आजपासूनच सवय करा, कामावर जायच्या आदल्या दिवशी नको. हात साबणानं धुवा, झाकणाची स्टीलची वाटी उकळून घ्या. काळ्या भागाच्या कडेला वर अंगठा, खाली बोटं. आधी छातीच्या दिशेनं मागं दाबा, मग दोन्ही जवळ आणा, सोडा. स्तनाग्र ओढायचं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं थेंब येतील, मग धार लागते. हे दूध बाहेर चार तास राहतं. फ्रिजमध्ये ठेवायचं तर आतल्या बाजूला, दारात नको, आणि २४ तासांत वापरा. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. साय वर आली तर नासलं समजू नका, हलवलं की मिसळते. पाजायचं वाटी-चमच्यानं किंवा घरात असेल तर चांदीच्या बोंडल्यानं. ते मात्र प्रत्येक वेळी उकळून. बाळानं वाटीत ठेवलेलं उष्टं पुढच्या वेळेला वापरायचं नाही. दुकानात छाती दाटून आली तर सोसत बसू नका, काढून टाका, नाहीतर गाठ धरते.

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यातल्या गावात बचत गट चालवतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह करायचा आहे. दर वर्षी भाषण होतं, बायका टाळ्या वाजवून जातात. वेगळं काय करता येईल?
(बचत गटाच्या सदस्या)

उत्तर : हार, शाल, प्रमुख पाहुणे काढून टाका. १ ते ७ ऑगस्टमध्ये एक संध्याकाळ ठरवा आणि आमंत्रण सासवांना आणि नवऱ्यांना द्या. व्यासपीठावर सध्या पाजत असलेल्या दोन आया आणि त्यांच्या सासवा बसवा. काय अडलं, कुणी काय केलं, तेवढंच बोलू दे. मग आशाताईंकडून बाहुली घेऊन पकड कशी बसते ते करून दाखवा. गरोदर बायका आल्याच पाहिजेत, कारण हे शिकायचं ते पोट पुढं असताना. बाळ रडायला लागल्यावर कुणाचं ऐकायला वेळ असतो?

एक आकडा मात्र सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली १०० पैकी सुमारे ८९ बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत, पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं सुमारे ४२. म्हणजे हे दोष गावच्या अडाणीपणावर ढकलून चालणार नाहीत. दवाखान्यात सोबत गेलेल्या बाईनं ‘बाळ अंगावर कधी देता?’ हे विचारायला शिकलं पाहिजे. सिझेरियन असलं तरी विचारायचं. तुमच्या गटातल्या दोघी-तिघी अशा सोबत जाऊ शकल्या तर सप्ताह कारणी लागला असं मी म्हणेन.

पैशासाठी कुणी बाळाच्या पावडरीच्या कंपनीचा प्रायोजक आणला तर नाही म्हणा. १९९२ च्या कायद्यानं आणि २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या बाळाची पावडर, बाळअन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात, नमुने वाटप, भेटवस्तू यांवर बंदी आहे. आणि बारशाला बाटल्यांचा संच देण्याची आपल्याकडं जी टूम निघाली आहे, ती गटानं ठरवून मोडा. झबली द्या, गोधडी द्या, नाहीतर बाळंतिणीच्या घरी आठवडाभर आळीपाळीनं भाकरी-भाजीचा डबा पोचवा.

प्रश्न : बाळंतिणीला पांढरा रस्सा चालतो का? घरात वाद आहे.
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : चालतो. तांबडाही चालतो, तिला पचत असेल तेवढा. रश्श्यानं दूध आटतही नाही आणि तिखट होऊन बाळाच्या पोटातही जात नाही. फक्त तिला वाटीभर रस्सा देऊन मटणाचे तुकडे बाकीच्यांनी खायचे, असं करू नका.